बिनअंगठ्याच्या हातची हंडी

अवजीनाथ महाराज त्या काळी तांबुळवाडीच्या मठात मुक्कामाला होते. गावात म्हसू कुंभार नावाचा त्यांचा भक्त राहत असे. जन्मतःच त्याच्या दोन्ही हातांना अंगठे नव्हते आणि डावा डोळा बाहेरच्या अंगाला वळत नसे. डावीकडचं पाहायचं तर सगळी मान फिरवावी लागे. गाव त्याला घुबड म्हणे. गावाला लाज नव्हती!

सप्ताहाच्या काल्याची हंडी म्हसूच्या घरची असे. त्याचा बाप वारला, तेव्हा चाकावर बसणं म्हसूवर आलं. काशीराव पाटील मठात सगळ्यांदेखत म्हणाला, "खंडित मूर्ती आपण पुजत नाही. मग ह्या खंडित माणसाची हंडी देवापुढं कशी टांगायची? हा हक्क दुसऱ्या कुंभाराला द्या."

म्हसूनं मान खाली घातली. बापानं मागं ठेवलेला तेवढा हक्कच होता.

महाराज म्हणाले, "पाटील, मूर्ती आधी अखंड असते, मग फुटते. म्हसूला देवानं घडवलाच असा. यात फुटलं काय?"

"बरं, घडवू दे की! हंडीचा गळा बसला तर हक्क गेला!"

सप्ताहाच्या पहिल्या सकाळी म्हसू चाकावर बसला. लहान मडकी तो बोटांच्या पेरांनी ओढी. पण मोठ्या हंडीचा गळा उभा करायला बाहेरून बोटं लागतात, आतून अंगठे. दोनदा गळा बसला. तिसऱ्यांदा माती कलंडू लागली, तसा तो कळवळून ओरडला, "महाराज, आतून धरा हो!"

आणि गळा उभा राहिला!

त्याच वेळी मठात महाराजांचं निरूपण चालू होतं. ते मध्येच थांबले. पुढ्यात बसलेल्या पाटलाला म्हणाले, "जरा तांब्या द्या. हात धुतो." त्यांच्या दोन्ही अंगठ्यांना ओली माती! पाटलाला वाटलं, तुळशीला आळं केलं असेल.

हंडी वाळली, भाजली, अख्खी उतरली. काल्याला फुटली, तशी बरकतीसाठी धान्याच्या कणगीत ठेवायला खापरी घ्यायची म्हणून झुंबड उडाली. पाटलाच्या हाती गळ्याचा तुकडा आला. आतल्या अंगाला शेजारी शेजारी दोन अंगठ्यांचे ठसे!

पाटलाला तो तांब्या आठवला. तो धावत जाऊन महाराजांच्या पायांवर वाकू लागला. महाराजांनी पाय मागे घेतले.

"खंडित कुणाला म्हणालात? तिकडं वाका."

म्हसूला पुढं अंगठे फुटले, असं कुणी सांगतात. खोटं आहे! ते हात तसेच राहिले आणि पुढची बेचाळीस वर्षं काल्याची हंडी त्यांनीच घडवली.

त्या दिवशी पाटील म्हसूच्या डावीकडून वाकला. कोण आलं ते पाहायला म्हसूनं सगळी मान फिरवली. कुणी हसलं नाही.

"उठा पाटील," म्हसू म्हणाला, "काला घ्या."