केसरबाईचा उतारा

दाभणमाळाला जायचे तर मोटार खिंडीतच ठेवावी लागते. पुढची चढण पायी. गावात बैलगाडी नाही, सायकल नाही, कुंभाराचे चाकसुद्धा नाही. आजारी माणसाला डोलीतून उतरवतात. वर पोचल्यावर दमलेल्या पाहुण्याची नजर हमखास ओढ्यापलीकडच्या कुरणावर जाते. काळ्या कड्याच्या पायथ्याशी मोकळी, हिरवीगार जागा. मधूनमधून घराएवढाले धोंडे पडलेले. "आम्ही तिथेच तंबू ठोकू का?" असे पाहुणा विचारतो, तेव्हा गावातले म्हातारे धोंडूआबा नकाराची मान हलवतात. या गावात आपला उतारा, म्हणजे मुक्कामाची जागा, पाहुण्याने निवडायची नसते. ती गावातली वडीलधारी सून सांगते. असे का, ते आबा पाहुण्याला ओट्यावर बसवून सांगतात.

फार मागे, खाली बेलसांगवीत रायाजी नावाचा पाटील होता म्हणे. त्याच्या लेकीचे, केसरचे लग्न दाभणमाळच्या तुळाजीशी ठरले. माळावरची माणसे गरीब, पण मुलगा मनाचा चांगला. रायाजीला एकच गोष्ट खुपत होती. आपली लेक पायी डोंगर चढून सासरी जाणार, हे त्याला सोसेना. त्याने माणसे लावली, पहारी घालून पायवाटेवरचे खडक फोडले आणि गाडीवाट काढली. वैशाखात वऱ्हाड निघाले. माळावर चाक चढले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

दुपार कलली तेव्हा गाड्या वर पोचल्या. तुळाजीची आई गऊबाई पाय धुवायला पाणी घेऊन सामोरी आली. म्हणाली, "पाटील, घरोघरी जागा करून ठेवलीय. दाटीवाटी होईल, पण गोड मानून घ्या."

रायाजीने घरांकडे पाहिले. झाडीत शिरलेली, बुटकी, धुराने काळवंडलेली घरे. तो लेकीकडे वळून म्हणाला, "केसर, तुझं लग्न. उतारा तूच सांग."

केसर गाडीत उभी राहिली. तिला वाकून शिरावे लागेल अशी ती काळोखी दारे दिसली, आणि ओढ्यापलीकडे ते कुरण दिसले. मऊ गवत, झऱ्याचे पाणी, सगळी एकत्र बसतील एवढी जागा. तिने बोट केले.

गऊबाईचा हात तोंडाशी गेला. "तिथं आम्ही गुरंसुद्धा बांधत नाही, पाटील."

"का?"

"कडजाईची जागा आहे. का, ते ठाऊक नाही. सासूनं सांगितलं, आम्ही पाळतो."

रायाजी हसला. "देवीला आमचा सहवास घडेल!" पाहुण्याचा शब्द मोडायची तेव्हा रीत नव्हती. गाड्या ओढा ओलांडून कड्याखाली गेल्या.

हळदीची तयारी सुरू झाली. बायकांनी गाणे धरले. पण बैल काही केल्या जू उतरवू देईनात. फुरफुरत होते, ओढ्याकडे तोंडे वळवत होते. केसर पाटावर बसली, तेव्हा तिच्यापुढच्या हळदीच्या वाटीत बारीक काळी माती पडली. तिने वर पाहिले. वर कोणी नव्हते. करवलीने माती बोटाने काढून टाकली. पुन्हा पडली.

मग केसरला आवाज ऐकू आला. खूप खोल, जात्यावर कोणी सावकाश दळावे तसा. आधी वाटले गावात कोणी दळत असेल. पण आवाज पाटाखालून येत होता. तिने जमिनीवर तळवा टेकला आणि चटका बसावा तसा उचलला.

"आबा, जमीन हलतेय," ती बापाला म्हणाली.

"वळीव गडगडतोय कुठंतरी."

"आभाळ मोकळं आहे, आबा."

"पोरी, सासरच्या दारात आलीस, जीव घाबरणारच," असे म्हणून रायाजीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गाणे पुढे चालू झाले. केसरने भोवती पाहिले. इतकी माणसे, कडेवरची मुले, आणि ही जागा तिच्या बोटाने दाखवलेली. तिच्याने बसवेना. ती पाटावरून उठली आणि थेट कड्याकडे गेली.

कड्याला तिने दोन्ही तळवे लावले. खडक थरथरत होता, धरलेल्या सशाचे अंग थरथरते तसा. तिला पळावेसे वाटले, पण हात निघेनात. मग ती बोलली, असे सांगतात:

"आई, ही जागा मी निवडली. माझी माणसं उठेपर्यंत थांब. पुन्हा इथं चाक येणार नाही. पाहुण्याचा उतारा मी सांगेन. आणि मी ही खिंड उतरणार नाही, माहेर बघणार नाही."

तो आवाज एकदम थांबला.

कानात दडे बसावेत अशी शांतता पसरली. पाखरांची किलबिल नाही, झऱ्याची खळखळ नाही. बैल होते तिथे दगडासारखे उभे राहिले. आता मात्र बायकांचे गाणे आपोआप बंद पडले. केसरने कड्यावरचे हात न काढता मान वळवली. तिचे डोळे पाहून म्हणे तिच्या आईने तिला ओळखलेच नाही.

"उठा," केसर म्हणाली. "सामान राहू द्या. ओढ्यापार व्हा."

पोरीच्या अंगात आले, असेच लोकांना वाटले. कारण काही का असेना, माणसे उठली. पाटावरचे तांदूळ सांडले, एका म्हातारीला दोघांनी उचलले, मुले काखोटीला मारली. पलीकडून तुळाजी आणि गाववाले धावत आले आणि हात देऊ लागले. रायाजी तेवढा मागे राहिला. त्याने बैलांच्या गळ्यातल्या, जुवाला बांधलेल्या सापत्या कापल्या, तसे बैल उधळत पाण्यात शिरले. मग तो लेकीपाशी आला.

"चल."

"आधी तुम्ही जा, आबा."

"तुला टाकून? वेडी आहेस का?"

"माझे हात निघाले की ती थांबायची नाही." तिचे ओठ पांढरे पडले होते. "आबा, मी भ्यालेय. लवकर जा. तुम्ही पोचल्याशिवाय मला पळता येत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा रायाजीने दुसऱ्याचे ऐकले. पाठमोरा होऊन तो चालू लागला आणि रडत रडत ओढ्यापार गेला. त्याचा पाय काठाला लागला आणि केसरने हात काढले.

ती कशी पळाली, हे तिलाही कधी सांगता आले नाही. मागून वारा आला, धुरळा आला, मग काळोख झाला. तुळाजीने तिला पाण्यातून ओढून काढले. धुरळा बसला तेव्हा गाड्यांच्या जागी धोंडे होते. माणूस एकही गेले नव्हते.

लग्न दुसऱ्या दिवशी गऊबाईच्या त्या काळोख्या घरात लागले. वऱ्हाड पायी परतले, आणि गाववाल्यांनी गाडीवाटेत दगड लोटून ती बुजवली.

रायाजी दरवर्षी पायी वर येई. दारात उभा राहून विचारी, "केसरबाई, माझा उतारा कुठं?" ती सांगे, "ओटीवर, आबा. जावयाशेजारी."

एका वर्षी तो आला नाही. बेलसांगवीहून माणूस आला. पाटलांनी अंथरूण धरले आहे, लेकीचे नाव घेतात, म्हणाला. गऊबाई तेव्हा थकली होती. तीच म्हणाली, "जा बाई. बापासाठी गेलीस तर देवी रागावायची नाही."

केसरबाई खिंडीपर्यंत गेली. खाली बेलसांगवीची कौले दिसत होती. तिने पलीकडे टाकायला पाऊल उचलले आणि तिच्या मागे, दूर कड्यात, कोणीतरी सावकाश दळू लागले.

बरोबरच्या बायकांनीही तो आवाज ऐकला, असे सांगतात. कोणी म्हणतात, तिलाच तेवढा आला. तिने पाऊल मागे घेतले. दिवस मावळेपर्यंत ती खालच्या कौलांकडे बघत उभी होती. मग गावात परत आली आणि त्या दिवशी आलेल्या पाहुण्यांना त्यांचा उतारा सांगितला.

खिंड न उतरण्याचे कड्याचे मागणे केसरबाईकडेच होते, की तिच्यामागून येणाऱ्या सुनांकडेही, हे कोणालाच नक्की ठाऊक नाही. म्हणून आजही दाभणमाळची नवी सून पहिल्यांदा माहेरी निघाली की गावातली कामे थांबतात. कुत्री बांधतात, तान्ह्या मुलांना छातीशी घेतात. ती खिंड उतरून दिसेनाशी होईपर्यंत सारे गाव ओढ्याकाठी कड्याकडे कान लावून उभे राहते.