बर्फावर झाडं रोवणारा आयव्हर

त्या दिवशी सकाळी वारा मुळीच नव्हता. आभाळ खाली उतरलेलं, राखेच्या रंगाचं, आणि धुराड्यांतला धूर दोरी टांगावी तसा सरळ वर जात होता. थंडी होती, पण बोचरी नव्हती. बायकांनी कानावरचे रुमाल सैल केले होते, घोडे निवांत उभे होते. लग्नाला जायला याहून चांगला दिवस मिळायचा नाही, असं जो तो म्हणत होता.

हा दिवस नेमका कधीचा, ते आता कुणाला सांगता येत नाही. तेव्हा मोटारी नव्हत्या, विजेचे दिवे नव्हते, आणि आज तिथे जे म्हातारे आहेत त्यांचे आजेसुद्धा जन्मायचे होते, एवढंच सगळे सांगतात. गाव अमेरिकेतलं, पार वर उत्तरेकडचं. त्याचं नाव राइस बे. माझा थोरला तिकडे नोकरीला होता, तेव्हा शेजारचा मासेवाला शेगडीपाशी बसून ही गोष्ट सांगायचा आणि सूनबाई मला ती मराठीत करून द्यायची. मी ऐकली तशी सांगतो.

गाव एका तळ्याच्या काठी आहे. तळं म्हणायचं खरं, पण त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. समुद्रच वाटतो, फक्त पाणी गोड. उथळ पाण्यात तिथे आपोआप भात उगवतो. कुणी पेरत नाही, कुणी लावत नाही. त्या मुलखातले मूळचे लोक होडीत बसून काठीने तो भात होडीतच झोडून घेतात. ते तिथे कधीपासून आहेत, याला काही गणती नाही. त्या भातावरूनच गावाला नाव पडलं. मग लाकूडतोडे आले, त्यांनी जंगल तोडलं. मागून मासे धरणारे आले आणि घरं बांधून राहिले. अर्धे नॉर्वे देशातून आलेले, अर्धे आयर्लंडातून. सगळी मिळून माणसं किती, तर आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढी. पण देवळं मात्र दोन. उत्तरेच्या टोकाला नॉर्वेवाल्यांचं, आणि दक्षिणेला, जिथे नदी तळ्याला मिळते तिथे, आयरिश लोकांचं.

समोर पाण्यात एक बेट आहे. तिथेही काही घरं होती. उन्हाळ्यात होडीने जायचं, आणि हिवाळ्यात तळं गोठलं की चालत, नाहीतर घोड्यांच्या बर्फगाडीतून. पण बर्फावर वाट कशी ओळखायची? सगळीकडे पांढरं. वादळ आलं तर आपला हात आपल्याला दिसत नाही. म्हणून त्या गावात एक रीत होती. नाताळात घरोघरी हिरवं झाड उभं करतात ना, ते सण संपला की फेकून द्यायचं नाही. काठावर आणून ठेवायचं. मग आयव्हर हॉग्लंड ती झाडं घेऊन बर्फावर जायचा. पहारीने बर्फात भोक पाडायचा, त्यात झाडाचा बुंधा रोवायचा आणि वरून पाणी ओतायचा. पाणी गोठलं की झाड पक्कं. अशी एकापुढे एक झाडं रोवत तो थेट बेटापर्यंत जायचा. वादळात माणूस या झाडापासून त्या झाडापर्यंत जायचा आणि घरी पोचायचा.

आयव्हर नॉर्वेवाला. उंच, हाडकुळा, एकटा राहणारा. उन्हाळ्यात जाळी शिवायचा. तो फार बोलत नसे, आणि बोललाच तर समोरच्याला हसू यायचं किंवा राग यायचा, असं म्हणतात.

भांडण लागलं ते या झाडांवरूनच. आयरिश लोकांचा सण लवकर संपायचा, त्यांची झाडं आधी काठावर यायची. नॉर्वेवाले आपलं झाड आणखी आठवडाभर घरात ठेवायचे, कारण त्यांच्याकडे तशीच पद्धत. तोवर आयरिश झाडं आयव्हरच्या अंगणात पडून राहायची. आयव्हरचा शेजारी कॉर्मक डोलन. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा आणि चटकन तापणारा. आयरिश लोकांत त्याचा शब्द चालायचा. एका वर्षी तो कुंपणापाशी येऊन उभा राहिला. मागे चारदोन माणसंही होती.

"आमची झाडं तुझ्या अंगणात भिकाऱ्यासारखी पडून असतात," डोलन म्हणाला. "तुमच्या देवाला इतका वेळ का लागतो रे पाहुणचार आटपायला?"

"देवाला नाही, बर्फाला लागतो," आयव्हर म्हणाला. "नदीच्या तोंडाशी अजून पातळ आहे."

"तळं काय तुझ्या बापाने खोदलं?"

"नाही. त्याने खोदलं असतं तर नदी तुझ्या दारातून नसती आणली."

मागची माणसं खो खो हसली. आयव्हर मनात काही ठेवून बोलला नव्हता. पण डोलनला ते हसणं लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने आपली सगळी झाडं उचलून नेली आणि आपल्या देवळापासून बेटापर्यंत आपली वेगळी रांग रोवली. तेव्हापासून तळ्यावर दोन वाटा झाल्या. उत्तरेची वाट नॉर्वेवाल्यांची, दक्षिणेची आयरिश लोकांची. आणि एका कुंपणाला लागून राहणारी ती दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. डोलनची बायको ब्रिजिट कधीकधी कुंपणावर गरम पाव ठेवायची. आयव्हर तो घ्यायचा आणि तिथे एखादा मासा ठेवायचा. डोलन मासा खायचा, पण कुणी दिला ते विचारायचा नाही.

असे कितीतरी हिवाळे गेले. आणि मग तो दिवस आला, ज्याचं मी सुरुवातीला सांगितलं. डोलनची मुलगी नोरा हिचं बेटावरच्या एका मुलाशी लग्न होतं. आयरिश वस्ती सगळी निघाली. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, वाजंत्री, सगळे. बर्फगाड्यांना घंटा बांधल्या होत्या. आयव्हरला बोलावणं नव्हतं. तो दारात उभा राहून बघत होता. ब्रिजिटने गाडीतून हात हलवला, आणि त्याने टोपी काढली.

दुपार कलली आणि वारा सुटला. आधी उत्तरेकडून एक काळी रेघ दिसली, मग ती रेघ आभाळभर झाली. बर्फ आडवा उडायला लागला. घरं दिसेनाशी झाली. त्या वाऱ्यात आयव्हरला दक्षिणेकडून एक आवाज आला. जाड कापड फाडावं तसा. तो पहार घेऊन नदीच्या तोंडाकडे गेला आणि बघतो तर काय, बर्फ फुटलेला. काळं पाणी उसळत होतं, आणि डोलनच्या रांगेतली काठाजवळची झाडं त्या पाण्यात आडवी होऊन तरंगत होती. आता बेटावरून निघालेली माणसं झाडामागून झाड धरत येणार, आणि शेवटच्या झाडानंतर सरळ पाण्यात जाणार. अर्धं गाव त्या वाटेवर होतं.

आयव्हरने आपल्या लोकांची दारं ठोठावली. हे सांगताना मासेवाला आवाज खाली करायचा. कुणी म्हणालं, "त्यांची रांग, ते बघतील." कुणी म्हणालं, "वादळ बघून ते बेटावरच राहिले असतील." एकजण म्हणाला, "आयव्हर, तुला तर लग्नाला बोलावलंसुद्धा नव्हतं."

"तुम्हाला देवळातली घंटा वाजवता येईल ना?" आयव्हर म्हणाला. "निदान ती वाजवा."

आणि तो एकटा निघाला. हातात कुऱ्हाड, काखेत पहार, खांद्याला दोरी, मागे हातगाडीसारखी लहान बर्फगाडी. गावात झाडं होती ती फक्त त्याच्याच रांगेत. तो आपल्या रांगेने गेला आणि स्वतः रोवलेलं एकेक झाड बुंध्याशी तोडून गाडीवर टाकत गेला. आपल्या घरी परतायची वाट त्याने आपल्या हाताने पुसली. मग ती झाडं ओढत तो डोलनच्या रांगेकडे गेला. जिथपर्यंत बर्फ पक्का होता तिथपासून त्याने नवी रांग सुरू केली, फुटलेल्या जागेला वळसा घालून, घंटेच्या आवाजाच्या रोखाने. पाणी ओतून झाडं गोठवायला वेळ नव्हता. तो भोक पाडायचा, झाड घालायचा, बुटाने बर्फ दाबायचा आणि पुढे जायचा. वारा झाडं पाडायला बघायचा. असं म्हणतात, की आयव्हर एका झाडाला "धर" म्हणाला की वारा ते झाड सोडून द्यायचा.

पण काठ थोडासाच उरला आणि झाडं संपली. एक झाड कमी पडलं. शेवटचं झाड आणि काठ यांच्यामध्ये एवढी जागा राहिली, की इकडून तिकडचं काही दिसत नव्हतं. आणि तिथूनच थोडं उजवीकडे ते काळं पाणी. बेटाकडून बर्फगाड्यांच्या घंटा ऐकू यायला लागल्या होत्या. आयव्हरने इकडेतिकडे बघितलं. मग पहार टाकली, पाय रोवले, हात थोडे बाजूला धरले, आणि तो त्या जागेवर उभा राहिला.

सगळ्यांत पुढे डोलन चालत होता, घोड्याचा लगाम धरून. प्रत्येक झाडाला हात लावायचा, ज्याच्या त्याच्या घरची ओळखीची फीत फांदीवर बांधलेली असायची ती चाचपायचा आणि मागे ओरडून सांगायचा, "हे रायनचं! हे आपलं!" मग त्याच्या हाताला गवताची विणलेली बाहुली लागली. तसल्या बाहुल्या नॉर्वेवाले झाडाला बांधायचे. डोलन थांबला.

"हे त्यांचं झाड! आपल्या रांगेत कुणी घातलं?"

गाडीतून ब्रिजिट ओरडली, "कॉर्मक, झाड कुणाचं त्यावरून घरी जाऊन भांड! पुढचं दिसतंय का ते सांग!"

"दिसतंय."

"मग चल की!"

तो चालला. वाट डावीकडे वळली, तोही वळला. शेवटी त्याच्या हाताला एक झाड लागलं. त्यावर बर्फाचा जाड थर होता. त्याने फीत चाचपली, फांदी चाचपली, काही लागेना. "याला तर पानंच नाहीत," असं तो पुटपुटला म्हणतात. पण ते झाड होतं, आणि त्याच्या पलीकडे घंटा वाजत होती. तो पुढे गेला. मागून एकेक गाडी आली. प्रत्येकाने त्या झाडाला हात लावला आणि पुढे गेला. एका म्हातारीने तर त्याला धरून दम खाल्ला. असं म्हणतात, की तिला झाड उबदार लागलं.

त्या दिवशी नॉर्वेवाल्यांच्या देवळात दोन्हीकडची माणसं पहिल्यांदा एका छपराखाली बसली. डोलनने आपल्या लोकांची नावं घेतली. सगळ्यांनी ओ दिली. तान्ही पोरंसुद्धा रडून हजर झाली. मग ब्रिजिटने विचारलं, "आणि आयव्हर कुठंय?" तेव्हा घंटा वाजवणाऱ्याने दाराबाहेरच्या बर्फाकडे बोट दाखवलं.

माणसं तेव्हाच दोर धरून बाहेर गेली, पण वादळाने त्यांना परत फिरवलं. उजाडलं तेव्हा आभाळ निळंशार होतं. सगळं गाव बर्फावर गेलं. वळशाने रोवलेली झाडं उभी होती, आणि त्यांच्या शेवटी आयव्हर उभा होता. डोळे उघडे, बेटाकडे लागलेले. अंगात जीव नव्हता. त्याच्या बाह्यांना बारीक हिरवी पानं फुटली होती, असं म्हणतात. मासेवाल्याची आजी म्हणायची, ती तोडलेल्या झाडांचीच चिकटलेली होती. मासेवाला म्हणायचा, आजीला काय कळतंय.

त्याला उचलायला गेले तर तो हलेना. बूट बर्फात गोठले होते. पहारी आणल्या, गरम पाणी ओतलं, घोडे जुंपले. बर्फ काही सुटेना. जणू अजून कुणीतरी यायचं राहिलंय आणि त्याला जागा सोडता येत नाही.

आता त्या गावात एकच रांग असते. दोन्हीकडची झाडं एकाच दिवशी काठावर येतात, ज्यांचा सण आधी संपतो ते उशिरा संपणाऱ्यांसाठी थांबतात. काठाजवळ एक जागा मोकळी ठेवतात. तिथे झाड रोवत नाहीत, वर्षातून एक दिवस पाळीपाळीने गावातलं एक माणूस उभं राहतं, कधी नॉर्वेवाल्यांतलं, कधी आयरिशांतलं, आताशा कुणीही. माझा थोरलाही एकदा उभा राहिला होता. त्या दिवशी गाव बेटावर जाऊन परत येतं, आणि जो तो जाताना त्या माणसाच्या खांद्याला हात लावतो. सगळे गेले तरी त्याने हलायचं नाही. सगळ्यांत शेवटी त्याचा शेजारी येतो, टोपी काढतो आणि डोलनने त्या सकाळी जे म्हटलं तेच म्हणतो. मगच त्याने पाय उचलायचा.

कारण त्या सकाळी घोडेसुद्धा थकले, तेव्हा डोलन पुढे आला. त्याने सगळ्यांना बाजूला सारलं. टोपी काढली. इतक्या वर्षांनी तो आयव्हरशी पहिल्यांदा बोलला, आणि त्याचं बोलणं संपताच बर्फाने आयव्हरचे पाय सोडले, असं म्हणतात. तो अगदी हळू म्हणाला,

"आयव्हर, सगळे घरी पोचले. आता तू तेवढा राहिलास. चल."