पाठीवरचे पंजे

एकदा एका नदीकाठच्या कसब्यात एक वृद्ध स्त्री राहत होती. सगळा गाव तिला आक्का म्हणे. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. पण खो-खोचे मैदान ती असे वाचत असे, की वाद झाला म्हणजे पंचसुद्धा आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहत. तरुणपणी खांबावर आपटून तिच्या उजव्या हाताची करंगळी मोडली होती आणि वाकडीच जुळून आली होती. ती करंगळी उगारून आक्का बोलू लागली, की समोरचा माणूस गप्प बसे.

त्या काळी तिथे एक सुंदर रीत होती. दिवाळी सरली, की कसब्यातल्या आठ पेठा मुलींचे आठ संघ उभे करीत. पंचक्रोशीतल्या मुली नावे देत. एक दिवस त्यांचे मिसळून डाव होत. कोण कुणाच्या बाजूने खेळणार हे चिठ्ठ्यांवर ठरे आणि दर डावाला बसायच्या जागाही बदलल्या जात. दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर निवड चाले. प्रत्येक पेठेने पाळीपाळीने एकेक मुलगी मागायची, अशा दहा फेऱ्या.

पहिल्या फेऱ्यांत काही कठीण नसे. गाजलेली नावे कोणीही घेतो. शेवटच्या फेऱ्यांत उरेल ती पदरात पडे. खरी परीक्षा मधल्या फेऱ्यांची. तिथे नावही पुरेसे मोठे नसते आणि पर्यायही संपलेले नसतात. पेठा तिथे तरत आणि तिथेच बुडत.

आक्काची गूळपेठ लागोपाठ दोन वर्षे बुडाली होती. संघाचा खर्च करणारा गुळाचा व्यापारी वैतागला होता. त्याने स्पष्ट सांगितले, "यंदाही तळाला राहिलात, तर मुलींचा संघ बंद. त्या पैशात पोरांच्या तालमीवर पत्रे घालतो." पोरांची तालीमही त्या वर्षी हरली होती, पण तिच्यावर पत्रे चढणार होते! असो.

आक्काने त्या वर्षी निवडीचे काम आपल्या शिष्येवर सोपवले. ही शिष्या चौदाव्या वर्षी आक्काच्या हाताखाली आली होती आणि आता शाळेत शिकवीत होती. "डोळे तुझे, पोरी. मी नुसती बसते," एवढेच आक्का म्हणाली. शिष्येला तीन रात्री नीट झोप लागली नाही. आपली निवड चुकली, तर आपल्या मागे या मैदानावर पेठेची एकही मुलगी धावणार नाही, हे तिला ठाऊक होते.

डावांच्या दिवशी ती वही घेऊन बसली. कोणी किती गडी बाद केले, सूर मारून कोणी टिपले, खांबावर कोणी गाठले, सारे तिने लिहून काढले. आक्का मात्र कडुलिंबाखाली, मैदानाकडे पाठ करून, भुईमुगाच्या शेंगा फोडीत बसली होती.

शिष्या कळवळून म्हणाली, "आक्का, बघा तरी!"

"तू बघतेयस ना? मग दोघींनी एकच कशाला बघायचं?"

"वरच्या पेठेचे पंच हसतायत."

"हसू दे. त्यांचे दात अजून आहेत तोवर हसून घेऊ दे."

संध्याकाळी डाव संपले. मुली कपडे बदलून पांढरे सदरे पिशवीत कोंबू लागल्या, तशी आक्का मोठी टोपली घेऊन त्यांच्यामध्ये उभी राहिली.

"पोरींनो, सदरे टाका यात. उद्या उजाडताना धुऊन देते."

मुली संकोचल्या. एक म्हणाली, "आक्का, तुम्ही आमचे कपडे धुणार? पाप लागंल आम्हाला."

"लागू दे थोडं. पुण्य फार साठलंय तुमच्याकडं, दिसतंय मला."

हसत हसत टोपली भरली. ज्या बाईपुढे पंच वाकत, ती परक्या पोरींचे घामट सदरे डोक्यावर घेऊन निघाली, हे पाहून शिष्येला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्याहून मोठे कोडे पुढे होते. शिष्येच्या परसात आक्काने चार दोऱ्या ताणल्या आणि ते सदरे न धुताच वाळत घातले, पाठीची बाजू बाहेर करून. मग दोन्ही हात मागे बांधून ती एकेक सदरा निरखीत हिंडली.

"बघितलंस?"

"मळ बघितला, आक्का."

"मग अजून बघ," म्हणून ती चूळ भरायला निघून गेली.

शिष्या उजेड असेतो त्या दोऱ्यांमध्ये उभी राहिली. त्या मैदानाची माती तांबडी होती. खांबावर हात निसटू नये म्हणून मुली ओलसर माती तळव्यांना चोळीत, त्यामुळे सगळ्याच सदऱ्यांवर तांबडे डाग होते. तिसऱ्या दोरीवर एक सदरा होता. कोपराला ठिगळ, आणि पाठ अशी रंगलेली, की पांढरे शोधावे लागे. कॉलरला टाचलेल्या चिंधीवर नाव होते, 'हौसा'. वहीत हौसाच्या नावापुढे एकच गडी होता. शिष्येने वही मिटली. उजाडताना आक्काने सगळे सदरे नदीवर स्वच्छ धुतले आणि जिचे तिला पोचवले.

निवड सुरू झाली. चिठ्ठीत गूळपेठेची पाळी सहावी आली होती. चार फेऱ्यांत बहुतेक गाजलेली नावे संपली. पाचव्या फेरीत पाळी आली, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होते, शालन. गेल्या साली तिने चौदा गडी बाद केले होते.

व्यापारी शिष्येच्या कानाशी आला. "बोला बाई, शालन म्हणा. आयतं दान पडलंय."

शिष्येने वही उघडली. शालनचे आकडे ठळक होते, कालचेही वाईट नव्हते. ती तोंड उघडणार, तोच बाजूला शेंगा खात बसलेली आक्का म्हणाली, "तिसऱ्या दोरीवर कुणाचा गं सदरा होता?"

एवढेच.

शिष्येच्या डोळ्यांपुढे ती तांबडी पाठ उभी राहिली. आणि एकाएकी तिला दिसले, की ते डाग नव्हते. ते पंजे होते. लहान, मोठे, रुंद, निमुळते. एका हाताचे नव्हे, आठ-दहा हातांचे.

"गूळपेठ मागते... हौसा."

पारावर हशा पिकला. "ती कुंभारवस्तीतली? तिनं काल टिपलं कुणाला, कोंबडीला?" कोणीतरी ओरडले. नदीपलीकडून आलेली ती किडकिडीत मुलगी स्वतःच्याच मागे वळून पाहू लागली. जणू तिच्या नावाची आणखी कोणी तिथे असावी. सातव्या पाळीच्या पेठेने लगेच शालन मागितली आणि हलगी वाजवली.

व्यापारी लाल झाला. "आक्का, तुमच्या वयाकडं बघून गप्प बसतोय. चौदा गडी सोडले आणि एक उचलला! हा कसला हिशेब?"

आक्काने शेंगांची टरफले झटकली आणि वाकडी करंगळी वर केली.

"शेठ, खो कुठं देतात? पाठीवर. धावणारीच्या हाती दम घ्यायला वेळ नसतो. पुढं पळणारी निसटत असते, पंच डोळे वटारून असतो. त्या एका क्षणाला ती ज्या पाठीवर हात मारते, ती पाठ तिनं विचार करून निवडलेली नसते. ही उठेल, ही दिशा चुकणार नाही, ही झोपलेली नाही, हे हाताला आधी कळतं. काल त्या पोरी एकमेकींना ओळखत नव्हत्या. जागाही बदलत होत्या. तरी सगळ्यांचे हात एकाच पाठीकडं गेले. हौसाच्या नावापुढं वहीत एकच गडी, कारण ती कोपऱ्यात कोंडायची आणि टिपायची दुसरीच. शालनला गेल्या साली तिची शेजारीण इंदू खो द्यायची, तेही पळणारी पुरती कोंडली की मगच. इंदू वैशाखात लग्न होऊन गेली. चौदा गडी तिच्या वरातीबरोबर गेले. काल शालनची पाठ बघितली का कुणी? दोन पंजे होते तिच्यावर. बाकी सगळी कोरी. मी मैदानाकडं पाठ करून बसले, कारण डोळ्यांना टिपणारीच दिसते. मला जिच्यावर भरवसा टाकतात ती बघायची होती. ती सदऱ्यावर दिसते, पण धुवायच्या आधी."

व्यापारी आक्काशेजारी टेकला. मग म्हणाला, "ढेपेचा रंग बघून मी कधी गूळ घेतला नाही, आक्का. फोडून आतला कण बघतो. आणि इथं..."

उरलेल्या फेऱ्यांत शिष्येने वही उघडलीच नाही. एकेक सदरा आठवीत तिने नावे मागितली.

त्या साली गूळपेठ जिंकली नाही. उगाच कशाला सांगू? ती तिसरी आली. हौसाने सगळ्या सामन्यांत मिळून सहाच गडी बाद केले. पण ती उठली, की पळणाऱ्या मुलीचा रस्ता अर्धा होई, हे लहान पोरालाही दिसू लागले. मुलींचा संघ राहिला. पुढल्या साली डाव संपताच व्यापारी स्वतः मैदानाच्या कडेला येऊन विचारू लागला, "अहो बाई, सदरे कुठं आहेत?"

खूप वर्षे लोटली. आता तिथे मातीऐवजी मॅट आहे, मुलींच्या अंगात रंगीत, झुळझुळीत जर्सी आहेत आणि हाताला माती लागत नाही. आकडे पडद्यावर झळकतात. खेळ वेगवान झाला, चांगलाच झाला, मी नावे ठेवणार नाही. पण त्या जर्सीच्या पाठीवर काही उमटत नाही, हेही तितकेच खरे.

आक्का गेली त्या पौषात तिची लोखंडी पेटी शिष्येकडे आली. शिष्येचेही केस तोवर पांढरे झाले होते. तिने उभ्या जन्मात आक्काला एक प्रश्न अनेकदा विचारला होता, "आक्का, चौदाव्या वर्षी तुम्ही मला का निवडलंत? त्या दिवशी मी एकही गडी बाद केला नव्हता." आक्का दरवेळी म्हणे, "तुझी आई शेंगांची चटणी बरी करायची म्हणून."

पेटीत दोन लुगडी होती, कुंकवाचा करंडा होता आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक छोटा सदरा होता. कॉलरवर शिष्येच्या आईने टाचलेली चिंधी तशीच होती. तो कधी धुतलाच नव्हता. सदरा हरवला म्हणून घरी खाल्लेला मार शिष्येला आठवला.

तिने तो पालथा केला. पाठीवर तांबडे पंजे होते, फिकट झालेले, पण मोजता येतील असे. ती एकेक मोजू लागली. सहाव्या पंजाशी तिचे बोट थांबले. त्या पंजाची करंगळी वाकडी होती.

मग तिला आठवले. त्या दिवशी एका डावात एक मुलगी कमी पडली होती, आणि आक्का पदर खोचून स्वतः उतरली होती.

खो-खोचा साधा नियम आहे. खो देणारीने तिथेच, त्याच जागी, खाली बसायचे. आणि जिच्या पाठीवर हात पडला, तिने उठून धावायचे. इतक्या वर्षांत हजारो मुलींना हा नियम शिकवताना शिष्येला त्याचा अर्थ असा कधी लागला नव्हता.

बाहेर मैदानावर मुली जमल्याचा आवाज येत होता. शिष्येने सदरा घडी करून पेटीत ठेवला. गुडघ्यावर हात टेकून ती उठली, आणि निघाली.