जावयाचं परदेशी घड्याळ

आंबेखोल गावात भार्गव टेमकर नावाचा एक भोळा गृहस्थ राहायचा. भोळा हा गावाचा शब्द. गाव सभ्य होतं.

भार्गवच्या लेकीचं लग्न ठरलं. विहीणबाईंनी हुंडा मागितला नाही. त्या सुधारलेल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या थोरल्याला त्याच्या सासऱ्यांनी परदेशी घड्याळ दिलं. धाकट्याला काय द्यायचं ते तुम्ही बघा." भार्गवची बायको इंदू काय समजायचं ते समजली. घड्याळ परदेशी नसेल, तर लेकीला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार होतं.

तेवढ्यात नशीब फळफळलं. लग्नाच्या साड्या घेतल्या त्या दुकानाची सोडत निघाली आणि नवरा-बायकोला जहाजाची सहल लागली. थेट कॅरिबियन बेटांची. तिथल्या दुकानांत परदेशी पाहुण्यांना कर लागत नाही, असं दुकानदाराने सांगितलं. किती स्वस्त पडतं, ते कोणी विचारलं नाही.

जहाज बेटाला लागलं. अडीच हजार माणसं उतरली. निळाशार समुद्र, पांढरी वाळू, डोलणारे माड. तिकडे एकानेही पाहिलं नाही. सगळे दुकानांकडे पळाले. इंदूचा गुडघा धरला होता म्हणून ती जहाजावरच बसली.

"अहो, नीट ऐका," ती म्हणाली. "पहिलं दाखवतील ते घ्यायचं नाही. अजून दाखवा म्हणायचं."

"बरं," म्हणाला भार्गव. "लक्षात ठेवलं."

धक्क्यावरचं पहिलंच दुकान रमचं होतं. दारातल्या बाईने त्याच्या हातात चिमुकला पेला दिला. चव बघा, फुकट आहे. भार्गवने चव बघितली आणि म्हणाला, "अजून दाखवा." बाईने दुसरी दाखवली. नारळाची, अननसाची, दालचिनीची. भार्गव शहाण्या गिऱ्हाइकासारखा अजून दाखवा म्हणत राहिला. चौदाव्या पेल्यानंतर दोन खलाशांनी त्याला उचलून इंदूसमोर आणून ठेवलं.

इंदूने त्याच्या तोंडावर पाणी मारलं. "घड्याळ आणायला गेलात आणि तोंडाला काय लावून आलात? तोंडाला लावायचं नसतं. कानाला लावायचं. टिकटिक ऐकू आली तर चालू, नाहीतर परत करायचं."

"बरं," म्हणाला भार्गव. "लक्षात ठेवलं."

या खेपेला तो रमच्या दुकानात गेला नाही. शेजारच्या अत्तराच्या दुकानात गेला. विकणाऱ्या मुलीने गुलाबी बाटली पुढे केली. भार्गवने ती कानाला लावली. मान हलवली. "बंद."

मुलीने निळी दिली. "बंद." सोनेरी बुचाची दिली. ती त्याने हलवून पुन्हा कानाला लावली. "हीसुद्धा बंद."

मुलगी हसतमुख होती. तिला त्याचाच पगार होता. एकतीस बाटल्या झाल्या, तेव्हा तिचं हसू संपलं आणि तिने पहारेकऱ्याला हाक मारली.

"इंदू, बाजार फसवा आहे," भार्गव परत येऊन म्हणाला. "एक बाटली चालू नाही."

इंदूने कपाळाला हात लावला. "अहो, अत्तराचं तसं नसतं. ते मनगटावर घ्यायचं, वास घ्यायचा, आणि वास आवडला तरच पैसे द्यायचे. आता सरळ घड्याळाच्या दुकानात जा. साडेचारला जहाज सुटतंय."

"बरं," म्हणाला भार्गव. "लक्षात ठेवलं."

घड्याळाच्या दुकानात त्याने पहिलं घड्याळ मनगटावर घातलं आणि नाक टेकवलं. वास नव्हता. दुसऱ्याला नव्हता. सोन्याच्या घड्याळालाही नव्हता. सगळं दुकान बघत राहिलं. हा कोणी मोठा जाणकार असावा, असं मालकाला वाटलं. त्याने आतून सगळ्यात महागडं घड्याळ आणलं. त्याच्या चामडी पट्ट्याला नव्या दप्तरासारखा वास होता. भार्गव खूश झाला. मालक तर फारच खूश झाला.

घड्याळ घेऊन भार्गव रमतगमत निघाला. चौकातल्या मनोऱ्यावर साडेतीन वाजले होते. इकडे जहाजाने भोंगा दिला. बेटाची वेळ जहाजापेक्षा एक तास मागे होती. जिना वर ओढता ओढता खलाशाने भार्गवलाही आत ओढलं.

इंदू रडकुंडीला आली होती. "आपली वेळ म्हणजे जहाजाची वेळ! बाकी कोणाचं घड्याळ काही का म्हणेना, ऐकायचं नाही."

"बरं," म्हणाला भार्गव. "लक्षात ठेवलं." आणि त्याने नवं घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून घेतलं. गावी परतल्यावरही काट्यांना हात लावला नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त होता अकरा बेचाळीसचा. इंदू आत नवरीला सजवत होती. वऱ्हाड वाजतगाजत कार्यालयाच्या दारात आलं. भार्गव हात जोडून सामोरा गेला. त्याने डबी उघडली आणि जावयाच्या मनगटावर घड्याळ चढवलं.

विहीणबाईंनी मनगट उलटसुलट करून नाव वाचलं. "परदेशीच आहे," त्या म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"जावईबापू, वाजले किती?" भार्गवने विचारलं.

"एक," नवरदेव म्हणाला. नवरदेव इंजिनियर होता.

"रात्रीचा एक," भार्गव म्हणाला. "मुहूर्ताला पावणेअकरा तास आहेत. फार लवकर आलात."

डोक्यावर रणरणतं ऊन होतं. व्याह्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा आपल्या जुन्या घड्याळाकडे पाहिलं. त्यात साडेदहा वाजले होते.

"तुमचं राहू दे हो," विहीणबाई म्हणाल्या. "एवढं महागाचं घड्याळ चुकेल का?"

व्याह्यांनी आपलं घड्याळ काढून खिशात टाकलं. वऱ्हाड मागे फिरलं. भार्गव त्यांना पोचवायला गेला.

अकरा चाळीसला मामाने नवरीला बोहल्यावर आणून उभं केलं. पाहुण्यांच्या मुठीत अक्षता होत्या. अंतरपाट धरला गेला. गुरुजींनी पलीकडे पाहिलं. पलीकडे नुसता पाट होता.

इंदू धापा टाकत दारात आली. भार्गव खुर्चीवर शांत बसला होता.

"अहो, नवरदेव कुठे आहेत?"

भार्गवने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोल. रात्रीचे दोन वाजून गेलेत. सगळ्यांना जानवसघरी झोपवून आलोय. कोणी उठवू नये म्हणून बाहेरून कुलूपही घातलंय. सकाळी उघडू."