भाल्यांच्या कोठाराची दुसरी किल्ली

फार म्हणजे फारच जुनी गोष्ट आहे ही. घाटमाथ्यावर एक गाव होतं आणि गावाला ताप एकच, दरोडेखोर. यायचे आणि गुरं हाकलून न्यायचे. राजाची फौज चार दिवसांच्या वाटेवर. मग राजानेच सांगितलं, तुमचं तुम्ही राखणदल करा, वीस भाले देतो.

पण अट होती. भाले कोठारात राहणार आणि कोठाराला कुलपं दोन. एक किल्ली राजाच्या ठाणेदाराकडे, दुसरी गावातल्या कुंभारणीकडे. दोघं आले तरच दार उघडायचं आणि दरोडेखोर गेले की त्याच दिवशी भाले परत ठेवायचे.

मस्त चाललं होतं. दलाने दोनदा दरोडेखोरांना पळवूनही लावलं. पण ठाणेदार राहायचा घाटाखाली आणि दुपारी जेवून झोपायचा. एकदा त्याला उठवून वर आणेपर्यंत अकरा म्हशी गेल्या.

दलाचा म्होरक्या होता लोहार. तो चावडीवर भडकला. "दोन्ही किल्ल्या माझ्याकडे द्या. मी काय परका आहे?"

ठाणेदाराला तर बरंच झालं. "घे बाबा, घाट चढण्यातून माझे गुडघे सुटले," म्हणत त्याने किल्ली काढूनच दिली. राजाला कळवलंसुद्धा नाही.

कुंभारीण मात्र अडून बसली. "दादा, तू चांगलाच आहेस. पण उद्या भाले आत ठेव म्हणून तुला सांगायचं कोणी?"

"मावशी, तुझी मडकी कोण चोरतंय? एवढा संशय बरा नाही."

सगळे हसले. तिच्या गोठ्यातही एकच म्हैस उरली होती, ती जाईल या भीतीने तिनेही किल्ली दिली.

आणि बघा, पुढचे कितीतरी महिने दरोडेखोर फिरकलेच नाहीत. भाले मात्र बाहेरच. "असू देत हाताशी," लोहार म्हणाला.

आता हातात भाला आणि काम काहीच नाही, मग काय होणार? दल पाणवठ्यावर बसायला लागलं. कुठे चाललास, टोपलीत काय आहे, तो पाहुणा कोण. मीठवाल्याला तर हेर म्हणून दिवसभर झाडाला बांधलं. तो परत आलाच नाही. गाव आळणी जेवायला लागलं.

मग दलातच एकमेकांवर संशय सुरू झाला. सुताराला वाटे, लोहाराचा आपल्या शेतावर डोळा आहे. लोहाराला वाटे, सुतार दरोडेखोरांना फितूर आहे. जो तो भाला घरी नेऊन दारात उभा.

एका सकाळी दरोडेखोर आले. सातच जण. कुंभारीण धावत सुताराकडे गेली. "अरे, बाहेर ये, गुरं चालली."

"आधी लोहाराला येऊ दे. मी पाठ फिरवली की तो काय करेल, सांगता येत नाही."

ती लोहाराकडे पळाली. तो म्हणाला, "आधी सुतार."

वीस दारं, वीस भाले आणि सगळ्यांची टोकं शेजाऱ्याकडे. दरोडेखोरांनी निवांत एकेक गोठा सोडला. त्यांच्या नायकाने कुंभारणीची म्हैस स्वतः सोडली आणि जाता जाता विचारलं, "मावशी, आम्ही ज्यांना घाबरून पळायचो, ती माणसं हीच का?"

कुंभारणीने एकेका दाराकडे पाहिलं. लोहाराने मान खाली घातली, पण भाला तसाच सुताराकडे रोखलेला.

तात्पर्य काय, तर राखणदार अगदी आपल्या घरचा असला तरी त्याला "आता भाला खाली ठेव" म्हणायचा हक्क सोडू नका, आणि ठाणेदारासारखं ज्याचं ते कामच आहे, त्यालाही तो सोडू देऊ नका.