लाल दोरा, पिवळा दोरा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की तेव्हा डोंगराला कुंपण नव्हतं, राजाला फौज नव्हती आणि बैल बोलायचे. आता बोलत नाहीत. ऐकून घेणारं कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

त्या काळी एका डोंगराच्या कुशीत एक म्हातारा राहायचा. त्याचा द्राक्षांचा मळा होता आणि दोन मुलगे होते, थोरला आणि धाकटा. आजवर द्राक्षांची दारू म्हातारा करायचा. त्या वर्षी मुलांनी पहिल्यांदा आपल्या हातानं ती केली. शिकलेली माणसं तिला आसव म्हणतात. म्हणोत. नाव बदललं म्हणून चढायची थांबत नाही.

दोघा भावांनी आपापली वेगळी केली. थोरल्याची रीत संथ. घड वेलीवर सुरकुतायला लागेपर्यंत तो तोडायचा नाही. हळू तुडवायचा. मग रांजणाला कान लावून बसायचा, आत काय चाललंय ते ऐकत. धाकट्याचं काम घाईचं. तोडलं, तुडवलं, भरलं, झाकलं, आणि गेला गावात गप्पा मारायला.

घराखाली खडकात खोदलेलं एकच तळघर होतं. त्या वर्षी दोघांनी ते अर्धं अर्धं वाटून घेतलं. पण म्हातारा म्हणाला, असं दरवर्षी चालायचं नाही. एका तळघराला एकच मालक हवा. दुसऱ्यानं वेली बघाव्या आणि गाडी हाकावी.

थोरल्याला वाटलं, हे सांगायला कशाला हवं. थोरला मी आहे.

म्हातारा म्हणाला, "वयानं तळघर मिळत नाही. माल घेऊन गिऱ्हाइकांकडे जा. पहिल्या मुक्कामी वैद्यीणबाई, दुसऱ्या मुक्कामी सराई, तिसऱ्या मुक्कामी गढी. गढीवरच्या आईसाहेब ज्याची दारू वर्षभर घ्यायची ठरवतील, तळघर त्याचं."

प्रत्येकानं तीन तीन घागरी भरल्या, तोंडाला फडकं बांधून वर मेण ओतलं. थोरल्याच्या घागरींच्या गळ्यात लाल दोरा, धाकट्याच्या पिवळा. निघायच्या सकाळी दोघे अंघोळीला ओढ्यावर गेले. परत आले तोवर म्हाताऱ्यानं घागरी गवतात बसवून गाडी भरून ठेवली होती.

मग त्यानं दोघांना दोन नियम घातले आणि बैलाच्या पाठीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. एक, घरी येईपर्यंत दोऱ्यांबद्दल चकार शब्द बोलायचा नाही. दोन, प्रत्येक मुक्कामी दोघांनीही दोन्ही दोऱ्यांची चव घ्यायची.

गाडी निघाली.

वैद्यीणबाई म्हणजे वाळकी, कडक म्हातारी. औषधी मुळ्या भिजत घालायला तिला दारू लागायची. तिनं दोन वाट्या घेतल्या. पिवळ्या दोऱ्याच्या दारूचा एक घोट घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत. मग म्हणाली, "ही मुळ्यांवर घालायला जीव होणार नाही. ही मीच पिईन."

लाल दोऱ्याची तिनं चाखली, ओठ पुसले आणि म्हणाली, "ही पण ठेवून जा. गुडघ्याला चोळायला चांगली आहे."

थोरल्याच्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

बाईनं वाट्या दोघा भावांपुढं धरल्या. धाकट्यानं लाल चाखली, मग पिवळी चाखली. पिवळीचा घोट तोंडात असतानाच तो थबकला. पुन्हा एक घोट घेतला. थोरल्याकडं बघितलं, घागरीच्या गळ्यातल्या दोऱ्याकडं बघितलं, आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.

"दादा," तो म्हणाला, "ही पिवळी घे. एक घोट घे."

"तुझी तू पी," थोरला म्हणाला.

"मग लाल तरी घे."

"माझी काय चाखायची? मला ठाऊक आहे ती." असं म्हणून थोरला बाहेर जाऊन बैलांजवळ बसला.

म्हाताऱ्याचा दुसरा नियम तिथंच मोडला. नियम मोडायला काही लागत नाही. नुसतं उठून बाहेर जायचं.

दुसऱ्या दिवशी वाटेत थोरला एक शब्द बोलला नाही. धाकटाही गप्प होता, एरवी त्याची जीभ टाळूला लागत नसे. थोरल्यानं त्याचाही अर्थ लावला. म्हणाला मनाशी, बघा, एका म्हातारीनं वाखाणलं तर हा बोलेनासा झाला. मोठा माणूस झाला. धाकट्यानं पाणी पुढं केलं तर थोरल्याला वाटलं, हा उपकार दाखवतोय. धाकटा उतरून चढावावर गाडीला खांदा द्यायला लागला तर वाटलं, आता हाकायचं कामही मला येत नाही असं याला म्हणायचंय. मत्सराचं असंच असतं. समोरचा शिंकला तरी तो आपल्यालाच हिणवून शिंकला असं वाटतं.

संध्याकाळच्या आत सराई आली. सराईवाला जाड, हसरा, तोंडाचा फटकळ. वाटसरूंनी अंगण भरलं होतं. पिवळ्या दोऱ्याच्या घागरीचं मेण फोडलं आणि वाटी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फिरत गेली. गढीकडं निघालेले दोन घोडेस्वार तिथं होते, ते म्हणाले, असली दारू आम्ही समुद्रापलीकडून आलेलीही प्यालो नाही. आम्ही पुढं जाऊन आईसाहेबांना सांगतो.

लाल दोऱ्याची वाटी फिरली ती अर्धी परत आली.

सराईवाला म्हणाला, "ही मी सासरेबुवांसाठी ठेवतो. हिच्यावर ते दोन दिवसांच्या वर राहायचे नाहीत."

सगळं अंगण हसलं. थोरलाही हसला, कारण न हसणं बरं दिसलं नसतं. हसताना त्याची दाढ दुखली.

धाकटा पुन्हा वाटी घेऊन गाडीपाशी आला. "दादा, तुझ्या पाया पडतो. एक घोट."

"सगळं जग पितंय तुझी, तरी मी उरलोच का?"

"आबांनी सांगितलंय म्हणून तरी घे."

"आबांना मी बघून घेईन," थोरला म्हणाला, आणि वाटी बैलापुढच्या कडब्यात ओतून दिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी गढी डोंगरावर दिसायला लागली. खाली नदी होती. काठावर करंजाचं झाड होतं. धाकटा म्हणाला, असं धुळीनं भरलेलं आईसाहेबांपुढं कसं जायचं, मी बुडी मारून येतो. तो गेला.

थोरला गाडीत बसून राहिला. समोर दोनच घागरी उरल्या होत्या, एक लाल, एक पिवळी. पिवळीकडं बघून त्याला वाटलं, हीच घागर माझं तळघर घेऊन चाललीय. रांजणाला कान लावून मी रात्रंदिवस बसलो, आणि हा गावात गप्पा मारीत होता. न्याय असता तर असं झालं नसतं. मग न्याय आपणच करावा.

गाडीत बैलांना चाटायला मिठाचा खडा ठेवलेला असायचा, पिशवीत. चांगला नारळाएवढा. थोरल्यानं तो काढला आणि दगडावर ठेचला.

गाडीला दोन बैल होते. त्यातला बांड्या बैल बोलका होता. तो म्हणाला, "माझं मीठ कुठं नेतोस?"

थोरल्यानं ऐकलं नाही. मेण उन्हानं मऊ झालंच होतं. ते नखानं उचललं, फडकं बाजूला सारलं.

बांड्या म्हणाला, "घालायचंच तर घाल. पण आधी हुंगून तरी बघ."

भावाच्या दारूचा वासही नको म्हणून थोरल्यानं तोंड फिरवलं होतं. तसंच फिरवून ठेवलं, आणि ओंजळीनं मीठ आत सोडलं.

"अरे, त्या सकाळी तुम्ही ओढ्यावर होतात तेव्हा आबांनी," असं बांड्या म्हणायला लागला तोच त्याच्या पाठीवर चाबूक बसला. एकदा चाबूक खाल्लेला बैल त्याच कामासाठी दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. माणसापेक्षा तेवढा तो शहाणा.

थोरल्यानं घागर हलवली, मेण दाबून बसवलं आणि हात धोतराला पुसले.

गढीवर लग्नघर होतं. आईसाहेबांच्या मुलाचं लग्न. बाई वयानं वाकलेल्या, पण जीभ तलवारीसारखी. घोडेस्वारांनी आधीच वर्दी दिली होती. आईसाहेबांनी आधी लाल दोऱ्याची घेतली. म्हणाल्या, बरी आहे. पोटात जाईल, मनात जाणार नाही. मग म्हणाल्या, "आणा ती पिवळी. सकाळपासून तिचंच ऐकतेय. सांगतात तशी निघाली तर त्या हातची दारू या गढीवर कायमची."

वाटी भरली. बाईंनी मोठा घोट घेतला, आणि सगळ्या पाहुण्यांदेखत थुंकला.

"मीठ," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलाच्या लग्नात मला मीठ पाजता?"

धाकट्यानं वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. मग त्यानं थोरल्याच्या धोतराकडं बघितलं. तिथं दोन पांढरे पंजे उमटले होते. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरल्याला वाटलं, हरला म्हणून रडतोय. त्याला फार बरं वाटलं.

धाकटा हात जोडून म्हणाला, "आईसाहेब, ही दारू अशी नव्हती. ज्यानं केली त्याचा दोष नाही. वाटेत आमच्याकडून चूक झाली."

"चूक ज्याची त्याची. माझ्या जिभेला वाटेतलं काय कळणार?" बाई म्हणाल्या. त्यांनी पिवळी घागर गढीच्या दाराबाहेर ओतायला लावली. "लाल ठेवा. बरी का असेना, निदान फसवत नाही. वर्षाची लालच पाठवा."

परतीचे तीन दिवस थोरला गाणी म्हणत होता. धाकट्यालाही त्यानं म्हणायला सांगितलं. धाकटा दोनदा बोलायला गेला, पण शपथ आठवून ओठ मिटून बसला.

घरी म्हातारा ओट्यावर बसला होता. थोरला गाडीतून उतरण्याआधीच म्हणाला, "आबा, लाल. गढीवर वर्षाची लाल."

म्हातारा उठला नाही. त्यानं विचारलं, "आणि पिवळी?"

"पिवळी थुंकली आईसाहेबांनी."

म्हातारा तेव्हा उठला. मग म्हणाला, "तळघर धाकट्याचं."

"आबा, लाल दोरा माझा."

"दोरा तुझा. दारू त्याची."

मग त्यानं सांगितलं. त्याच्या बापानंही पहिल्या मालाला असंच केलं होतं. पहिल्या वर्षी आपलं कौतुक आपल्याच नावानं ऐकलं की पोराचं डोकं फिरतं. म्हणून दोरे बदलायचे, आणि दोघांना दोन्ही चाखायला लावायची. जो चाखेल तो पहिल्याच मुक्कामी समजून जाईल, आणि भावाचं कौतुक ऐकायलाही शिकेल.

"मी आणि तुझा चुलता पहिल्याच घोटाला ओळखलं होतं," म्हातारा म्हणाला. "तीन दिवस गालात हसत गेलो आणि हसत आलो. मला वाटलं, तुम्हीही तसेच याल. तुझी दारू मी इथं चाखली होती, पोरा. तळघर तुझंच होणार हे मला गाडी निघायच्या आधी ठाऊक होतं. आईसाहेबांनी ती का थुंकली, तेवढं सांग."

थोरला जू सोडायला वळला. तेव्हा बांड्या म्हणाला, "माझ्या पिशवीत बघा. मीठ आहे का."

म्हाताऱ्यानं पिशवी उलटी केली. काही पडलं नाही.

धाकटा म्हणाला, "आबा, तळघर दादाला द्या. त्याच्यासारखी मला जमत नाही. मी दोन्ही चाखल्यात."

"हाताचं म्हणशील तर त्याच्यासारखा कुणी नाही," म्हातारा म्हणाला. "पण दुसऱ्याच्या घागरीत मीठ घालणाऱ्या हाताखाली मी माझे रांजण ठेवणार नाही. आणि गढीनं शब्द दिलाय तो तुझ्या दारूला. तू करायला शीक."

मग तो आत गेला आणि एक वाटी घेऊन आला. चवीपुरती त्यानं मागं ठेवली होती. ती थोरल्यापुढं धरली.

"आता तरी घे. एक घोट."

थोरल्यानं घेतला. सुरकुतलेल्या घडांची ती गोडी, तो हळू तुडवलेला रस, रांजणाला कान लावून काढलेले ते सगळे दिवस त्याच्या जिभेवर आले. वैद्यीणबाईंनी डोळे का मिटले होते ते त्याला कळलं. वाटी रिकामी झाली. अशी दारू त्या डोंगरात पुन्हा कुणी केली नाही.

त्यानंतर दरवर्षी गढीवर बऱ्यापैकी दारू जायची आणि थोरला ती गाडी हाकायचा. करंजापाशी आला की तो उतरायचा, मिठाचा खडा बांड्यापुढं धरायचा आणि तो चाटून होईपर्यंत तसाच उभा राहायचा. पहिल्याच वर्षी बांड्या एकदा म्हणाला होता, तेवढंच: "माझं मीठ गेलं ते परत आलं. तुझं काय?"

लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: दुसऱ्याच्या घागरीत मीठ कालवणारा आपलीच घागर नासवतो.