हलकं धर

“तेच ज्ञान घरबसल्या फुकट मिळत असताना कॉलेजात वर्षानुवर्षं कशाला कुजायचं, बुवा?”

हेरंबने हे विचारलं ते काही उत्तर हवं म्हणून नव्हे. टेकडीवरच्या मठीत धुंडिराजबुवा वैद्य दगडी खलात हिरडा कुटत बसले होते. नाडीपरीक्षेचे त्यांचे धडे फोनवर कुणालाही फुकट पाहता येत. ते पाहूनच या पठ्ठ्याने आयुर्वेदाचं कॉलेज अर्ध्यात सोडलं होतं. उद्यापासून गावात नाडी बघायला बसणार होता, म्हणून आज बुवांचा आशीर्वाद घ्यायला आला होता.

बुवा कुटत राहिले.

मग काय, हेरंबची गाडी सुटली. सगळे धडे त्याला तोंडपाठ होते. कॉलेजात मात्र एक म्हातारे सर वर्षभर शेजारी उभे राहून बोटांवर टिचक्या मारायचे, आणि एकच पालुपद लावायचे... हलकं धर, हलकं धर. अशानं कुणी वैद्य होतो होय?

“सराव कुणावर केलास?”

“माझ्याच मनगटावर.”

बुवांचा हात थांबला.

“आणि दुसऱ्या कुणाची पाहिलीस?”

पाहिली होती की. अक्काची. आई गेल्यावर या थोरल्या बहिणीनेच त्याला वाढवलं होतं. गेले कित्येक दिवस ती तापाने फणफणत होती. शेजारी म्हणाले, तालुक्याला दवाखान्यात ने. अक्काच म्हणाली, माझा हेरंब आहे की घरात. आज सकाळी एकदाचा ताप उतरला. अंग गार झालं, शांत पडून होती. हेरंबने तिची नाडी पाहिली. ठणठणीत लागली. तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला, आणि तो बाहेरून कडी लावून निघाला.

बुवांनी हिरडा काढून घेतला. रिकामा खल त्याच्यापुढे सरकवला.

“याची बघ.”

हेरंब हसला. बुवा हसले नाहीत.

थट्टा तर थट्टा, म्हणून त्याने डोळे मिटले आणि पडद्यावर पाहिली होती तशी तीन बोटं खलाच्या काठावर टेकवली. नीट लागावी म्हणून जरा दाबली.

ठक्... ठक्... ठक्...

त्याने बोटं उचलली. पुन्हा टेकवली, आणखी दाबून. दगडाची नाडी चालत होती. ठणठणीत. सकाळच्यासारखीच.

मठीत आता अंधारून आलं होतं.

बुवा पुढे वाकले. त्याच्या बोटांवर त्यांनी एक टिचकी मारली. बोटं सैल पडली.

दगड गप्प झाला... ठोके त्याच्याच दाबलेल्या बोटांतले होते.

“अक्का शेवटचं कधी बोलली रे?”